गोदेचा पूर पडद्यावर आणताना

नाशिककर पूर क्युसेकमध्ये मोजत नाही. गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कमरेपर्यंत लागलं की छातीपर्यंत, एवढंच विचारतो. म्हणून पीएचडीसाठी गोदावरीच्या पुराचं ॲनिमेशन करायला घेतलं, तेव्हा खूण म्हणून मारुतीच ठेवला.

जमिनीचे चढउतार एसआरटीएमच्या (अवकाशयानातून रडारने केलेली उंचीची मोजणी) फुकट डेटातून घ्या. तो २००० सालचा, एकेक चौकोन साधारण ३० मीटरचा. त्यात रामकुंडाच्या पायऱ्या शोधू नका. घाटाची मापं टेप घेऊन स्वतःच घ्यावी लागतात. (‘रस्ता रुंद करताय का?’ असं चारजण तरी विचारतात.)

पाण्याच्या खोलीचे आकडे पॅराव्ह्यूमध्ये (आकड्यांची चित्रं करणारं सॉफ्टवेअर) रंगवा. इंद्रधनुष्यी रंगपट्टी नको: पिवळा पट्टा उगीच डोळ्यात भरतो आणि नसलेली पायरी दिसू लागते. फिकट ते गडद निळा पुरतो. चढउतार दिसावेत म्हणून उंची ताणली असेल तर किती पट, ते कोपऱ्यात लिहा.

मग ब्लेंडर, म्हणजे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर. थेट व्हिडिओ काढू नका, प्रत्येक फ्रेम वेगळी पीएनजी (चित्राची फाइल) ठेवा. माझ्याकडे नऊशेव्या फ्रेमला वीज गेली आणि अख्खी रात्र पाण्यात.

सेकंदाला २४ धरल्या तर मिनिटाच्या १४४० फ्रेम. एक ६ एमबीची, म्हणजे साडेआठ जीबीच्या वर. हे सगळं पाठवायला १०० एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) लाइनवर कागदोपत्री साडेअकरा मिनिटं, १ जीबीपीएसवर सव्वा मिनिटाच्या आत. आरसिंक या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमने पाठवा, लाइन तुटली तरी पोचलेल्या फ्रेम पुन्हा जात नाहीत. आणि आधी गाइडना दहाच फ्रेम दाखवा, रंग बदलायला ते सांगणारच.