टॉपस्पिनमध्ये फटक्याची वेळ कशी साधावी

२००३ मध्ये एक्सबॉक्स या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर, सुरू झालेली टॉपस्पिन ही टेनिस गेमची मालिका २०११ च्या चौथ्या भागानंतर थांबली, आणि एप्रिल २०२४ मध्ये 'टॉपस्पिन २के२५' आला तेव्हा मधे १३ वर्षे लोटली होती. या काळात कन्सोल बदलले, पण खेळाचा गाभा तोच राहिला: बटण कोणते दाबले यापेक्षा ते नेमके केव्हा सोडले, यावर फटक्याचे यश ठरते. म्हणून नवशिक्याने फटक्यांचे प्रकार पाठ करण्याआधी वेळ साधायला शिकावे.

प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर फुलीचे बटण सरळ फटक्यासाठी, गोल टॉपस्पिनसाठी (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका), चौकोन स्लाइससाठी (उलटी फिरकी देणारा कापता फटका) आणि त्रिकोण लॉबसाठी (प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून जाणारा उंच फटका) असतो. बटण नुसते टिचकीसारखे दाबले तर फटका नियंत्रित पण सौम्य बसतो. दाबून धरून योग्य क्षणी सोडले तर त्यात जोर येतो. पहिले काही दिवस गोल बटणावरच भर द्यावा, कारण टॉपस्पिनचा चेंडू जाळीवरून उंच जाऊन कोर्टात उतरतो आणि लहानसहान चुका पोटात घालतो.

सरावाची माझी पद्धत अशी आहे. प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवरून चेंडू सुटताच, खेळाडूला हलवणाऱ्या डाव्या स्टिकने आधी जागा गाठावी, मग बटण दाबून धरावे, आणि चेंडू टप्पा घेऊन आपल्या रॅकेटच्या आवाक्यात येत असताना, पडद्यावरील वेळ दाखवणारा मापक हिरव्या भागात पोचताच, अंगठा उचलावा. बहुतेकांची चूक घाईची असते: चेंडू दिसताच बटण सोडले जाते आणि फटका वेळेआधी बसतो. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. बटण धरल्यावर तीच डावी स्टिक धावण्याऐवजी फटक्याची दिशा ठरवू लागते, त्यामुळे धावताना ती ज्या बाजूला ढकललेली होती तिकडेच राहिली, तर चेंडू नको तितका रेषेजवळ जातो किंवा बाहेर पडतो. बटण धरल्याबरोबर स्टिक क्षणभर मध्यावर सोडून मगच दिशा द्यावी. एवढ्या एका सवयीने बाहेर जाणारे फटके पुष्कळ कमी होतात.

खेळातील 'टॉपस्पिन अकॅडमी'त माजी टेनिसपटू जॉन मॅकेन्रो यांच्या आवाजातील धडे आहेत. ते टाळू नयेत.

जोरदार फटक्यांनी खेळाडू दमतो आणि दमलेल्या खेळाडूच्या हातून चुका वाढतात. म्हणून लांबलेल्या रॅलीत (फटक्यांच्या सलग देवाणघेवाणीत) तीन-चार नियंत्रित फटके क्रॉसकोर्ट, म्हणजे कोर्टाच्या तिरक्या रेषेत, खेळून प्रतिस्पर्ध्याला एका कडेला ओढावे आणि दुसरी बाजू मोकळी दिसली तरच जोर लावावा. सराव फ्रेंच ओपन जिथे होते त्या रोलाँ गारोच्या लाल मातीवर सुरू करावा. तिथे चेंडू टप्प्यानंतर मंदावतो आणि उंच उसळतो, त्यामुळे विचाराला वेळ मिळतो. विम्बल्डनच्या हिरवळीवर तो खाली आणि वेगाने सरकतो, तेव्हा तिथे जाताना बटण थोडे आधी धरण्याची सवय लावून घ्यावी.