कानातला रातकिडा आणि डोक्यातले झटके : रात्र कशी काढावी

दिवसभर कामाच्या गडबडीत न जाणवणारा आवाज दिवा मालवला की कानात सुरू होतो. कुणाला रातकिडा ऐकू येतो, कुणाला लांबच्या कुकरची शिट्टी. हा टिनिटस, आयुर्वेदात कर्णनाद. त्यातच झोप लागताना डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका बसला, की माणूस पार घाबरून जातो. दोन्हींची कारणं बहुतेकदा वेगळी असतात, म्हणून दोन्हींचा तपास वेगळा करा.

१. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. कधी नुसता मळ साठलेला असतो. तो नसेल तर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, कारण टिनिटसच्या मुळाशी अनेकदा कमी झालेली श्रवणशक्ती असते आणि तिथे श्रवणयंत्रानेच आवाजही मागे पडतो. घरी कानात तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते महागात पडतं. एका दिवसात अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टेरॉइडचा उपयोग लवकर दिलं तरच होतो. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर तेही आवर्जून सांगा.

२. झटक्यांसाठी गोळ्यांची पिशवी तपासा. नैराश्यावरची किंवा चिंतेवरची गोळी नुकतीच बंद केली आहे का, चुकली आहे का? पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन अशी औषधं शरीरातून लवकर निघून जातात आणि मग असे झटके येतात, अनेकांना डोळे बाजूला फिरवताच. आपल्याकडे ‘एक दिवसाआड घेऊन सोडा’ असं सर्रास सांगतात. या औषधांच्या बाबतीत तो सल्ला चुकीचा आहे, कारण रक्तातली पातळी रोज वरखाली होत राहते. शिवाय डोस निम्मा केला म्हणजे परिणाम निम्मा होत नाही. अगदी लहान डोसही मेंदूवर बरंच काम करत असतो. त्यामुळे शेवटचे टप्पे सर्वांत छोटे आणि सर्वांत सावकाश हवेत, कधी कधी काही महिन्यांचे. हे वेळापत्रक गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांबरोबरच ठरवा. झटके त्रासदायक असले तरी त्यांनी मेंदूला इजा होते असं दिसलेलं नाही.

अशी गोळी कधी घेतलीच नसेल, किंवा झटक्यानंतर जीभ चावलेली, अंथरूण ओलं, भान हरपलेलं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

३. खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा किंवा पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावा, पण कानातल्या आवाजापेक्षा किंचित हळू. तो आवाज बुडवायचा नाही, मेंदूला त्याची सवय होऊ द्यायची आहे. याला आठवडे, महिने लागतात. अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसा. घड्याळ बघू नका.

४. टिनिटस मुळापासून घालवणारी गोळी आजवर निघालेली नाही. जिंको या झाडाच्या अर्कावर किंवा झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. त्रास कमी करण्यात सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, याचा पुरावा सर्वांत चांगला आहे.

रात्री एकटं वाटलं, जगणं नकोसं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.