गे किंवा लेस्बियन सुपरहिरो घडवताय? या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी रोल-प्लेइंग गेमचा डाव बसतो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायची. पाच जण, एक जुनं शिसवी टेबल, वीस बाजूंचे फासे आणि टोकं काढलेल्या पेन्सिली. गेल्या पावसाळ्यात सुपरहिरोंचा नवा डाव सुरू करायचा होता, म्हणून सगळ्यांना पात्रं लिहून आणायला सांगितलं. एकाच्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, शक्तींच्या सात ओळी होत्या: आवाजाच्या लाटा किती लांब पोचतात, भिंत किती जाडीची फुटते, इथपर्यंत. खाली ‘ओळख’ अशी चौकट होती. तिच्यात एकच शब्द लिहिला होता, ‘गे’.

मी विचारलं, “हा रात्री घरी आला की दार कोण उघडतं?”

त्याने बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, “ते ठरवलं नाही, ताई.”

मी आठ वर्षं डाव चालवते आहे, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी गेम मास्टर आहे. समलिंगी पात्रांच्या बाबतीत जे काही बिघडतं ते बहुतेक वेळा याच चौकटीत बिघडतं. शक्तींचा सगळा तपशील असतो आणि माणूस एका शब्दात उरकलेला असतो.

एका शब्दावर थांबणं

‘गे’ किंवा ‘लेस्बियन’ या शब्दातून पात्राचं मन कुणावर जडू शकतं एवढंच कळतं. ते कुणावर जडलंय, हे त्यात नसतं. म्हणून शब्द लिहा, पण त्याखाली चार ओळी सोडा. दार कोण उघडतं? भांडण कशावरून होतं? ताप आला तर पहिला फोन कुणाला जातो? गणपतीला कुणाच्या घरी जेवायला बसतात?

आमच्याच डावातल्या एका मुलीने हे इतकं छान केलं की तिच्या परवानगीने इथे सांगते. तिच्या नायिकेचं नाव ‘विश्वामित्री’. आमच्या नदीचंच नाव. ही नदी शहराच्या मधोमध वाहते, तिच्यात मगरी राहतात आणि जोराचा पाऊस झाला की त्या रस्त्यावर येतात. नायिका दिवसा मगरी पकडून सुखरूप सोडणाऱ्या स्वयंसेवकांच्या पथकात काम करते. ती पाण्याखाली श्वास घेऊ शकते आणि नदीतली प्रत्येक हालचाल तिला कळते. तिची जोडीदार हेतल फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकते. दोघी संध्याकाळी चिखलाने माखूनच घरी येतात, एकीच्या अंगावर नदीचा गाळ आणि दुसरीच्या कोपरापर्यंत स्टुडिओतली माती. आधी न्हाणीघरात कोण जाणार, हे त्यांचं रोजचं भांडण.

त्या भांडणामुळे आम्हाला हेतल दिसली. पुढे तिसऱ्या सेशनला हेतलचा फोन लागत नाही म्हटल्यावर डावातले पाचही जण खरोखर काळजीत पडले.

गुपितावरच गाडी चालवणं

ही चूक माझ्या हातून झाली आहे, आणि तिची किंमत एका खेळाडूने मोजली.

तेव्हा आम्ही म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्स खेळत होतो. सुपरहिरोंचा, २००२ पासूनचा हा गेम. त्यात पात्राला ‘कॉम्प्लिकेशन्स’ असतात, म्हणजे आयुष्यातल्या अडचणी: नातं, जबाबदारी, गुपित, लोकांचा पूर्वग्रह वगैरे. गेम मास्टरने त्यातली एखादी अडचण गोष्टीत आणली की खेळाडूला एक हिरो पॉइंट मिळतो, पुढे कठीण वेळी वापरायला. आमच्या एका खेळाडूचा नायक तालमीत वाढलेला, मल्लखांबावर तयार झालेला होता. जुम्मादादांच्या तालमीवरून रोज जाणाऱ्या मुलाला असा नायक सुचला यात नवल नाही. नायक गे होता आणि शीटवर ‘गुपित’ लिहिलेलं होतं. मी ते धरून बसले. पहिल्या सेशनला खलनायकाच्या हाती फोटो लागला. दुसऱ्याला शेजारणीने बघितलं. तिसऱ्याला निनावी चिठ्ठी आली, चौथ्याला वार्ताहर दारात उभा राहिला. प्रत्येक वेळी हिरो पॉइंट दिला, म्हणजे नियमाने माझं काहीच चुकलं नव्हतं.

पाचव्या सेशनला त्याने पॉइंटची सोंगटी माझ्याकडे परत सरकवली. “ताई, याला एक रविवार तरी सुटी द्या ना.” त्यानंतर तो दोन महिने आला नाही.

बाकीच्या चौघांसाठी रविवार म्हणजे आकाशात उडायचा दिवस होता. त्याच्या वाट्याला मी आठवडाभराची धाकधूकच पुन्हा वाढली होती. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली आणि नंतर तो परत आला, पण ते चार रविवार मला भरून देता आले नाहीत.

तुमच्या डावात असं होत असेल तर आधी शीट उघडा आणि ‘गुपित’ खोडून तिथे ‘नातं’ लिहा. अडचण तीच राहते, पॉइंटही मिळतात, पण गोष्ट बदलते. आता नायकाला कुणी उघडं पाडणार का हा प्रश्न उरत नाही. जोडीदाराच्या बहिणीच्या साखरपुड्यालाच शहरातल्या मांडवी दरवाजाखाली बॉम्ब निघाला तर तो कुठे जाईल, असे प्रश्न येतात. खेळाडूला गुपितच हवं असेल तर ते कधी, कुणासमोर फुटेल हे त्याला ठरवू द्या. त्याला न विचारता गेम मास्टरने ते फोडायचं नाही. हा माझ्या डावाचा पक्का नियम आहे.

मुखवटा आणि लपणं या गोष्टीही वेगळ्या ठेवा. मुखवटा नायक स्वतः निवडतो, दुसऱ्यांना वाचवण्यासाठी. लपणं त्याच्यावर लादलेलं असतं. डीसी कॉमिक्सची बॅटवुमन, २००६ मध्ये आलेली केट केन, याचं उत्तम उदाहरण आहे. ती लष्करी अकादमीत होती. तेव्हा अमेरिकन सैन्यात समलिंगी माणसांनी गप्प राहावं असा नियम होता. खोटं बोलून तिला राहता आलं असतं, पण ती खरं बोलली आणि बाहेर पडली. मुखवटा तिने नंतर चढवला. लेस्बियन असण्याची किंमत तिने एकदा, ताठ मानेने मोजली. ती दर अंकात वसूल केली जात नाही.

गोष्ट भारतात घडत असेल तर साल नक्की करा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल २ जुलै २००९ चा, सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला ११ डिसेंबर २०१३ ला, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम गेलं ६ सप्टेंबर २०१८ ला. २०१४ मधल्या नायकाला पोलिसांची धमकी देता येते. आजच्या नायकाला तीच धमकी दिलीत तर खेळाडू बरोबर टोकेल. आजच्या अडचणी निराळ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने लग्नाचा हक्क मिळाला नाही. पुढे २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. त्याच आठवड्यात बडोदं पुराच्या पाण्यात होतं. आमच्या डावात विश्वामित्रीने चार दिवस लोक वाचवले, आणि पूर ओसरल्यावर दोघी भिजलेली कागदपत्रं दोरीवर वाळवून बँकेत गेल्या. त्या सेशनला लढाई नव्हती. आजवरचं ते माझं सर्वांत आवडतं सेशन.

मराठीचा उपयोग न करणं

आपण मराठीत खेळतो आणि संवाद मात्र इंग्रजी कॉमिकसारखे बोलतो. त्यात फार काही हातचं जातं. मराठीत जोडीदाराबद्दल बोलताना क्रियापदच सांगून टाकतं: ‘तो आला’, ‘ती आली’. आदराने बोललं तरी ‘ते आले’, ‘त्या आल्या’. पण आपल्याकडे नपुंसकलिंगही आहे. ‘घरी कुणीतरी वाट बघतंय’ या वाक्यात बाई की बुवा, काही कळत नाही. लपून जगणारी माणसं याच आडोशाला बोलतात. लपणारा नायक हवा असेल तर ‘माझं एक भयंकर गुपित आहे’ असं भाषण त्याच्या तोंडी घालू नका. त्याला फक्त ‘कुणीतरी’ म्हणू द्या. जाणकार खेळाडू लगेच कान टवकारतो.

‘मित्र’ आणि ‘मैत्रीण’ या शब्दांचाही घोळ होतो. नायिका म्हणाली, “माझी मैत्रीण आली आहे,” तर अर्धे खेळाडू समजतात शाळेतली मैत्रीण. तेव्हा पहिल्याच सेशनला शब्द ठरवा. जोडीदार म्हणा, पार्टनर म्हणा, ‘आमची ही’ म्हणा. हेतल आणि विश्वामित्री एकमेकींना ‘अगं’ म्हणतात, आणि त्यात सगळं येतं.

जोडीदाराला मारून टाकणं

नायकाला पेटवायचं म्हणून गेम मास्टर जोडीदाराचा जीव घेतो. जुना आळस आहे हा. चॅम्पियन्स या १९८१ च्या गेमपासून नियमच असा आहे की नायकावर अवलंबून असलेलं, संकटात सापडणारं माणूस शीटवर लिहिलं की जास्तीचे गुण मिळतात. नियम वाईट नाही. पण समलिंगी पात्रांच्या प्रेमाचा शेवट लोकांनी मरणातच इतक्यांदा पाहिलाय की तुमच्या डावातलं मरणही त्याच ढिगात जाऊन पडतं. जोडीदाराला स्वतःचं काम द्या, स्वतःची हट्टी मतं द्या, आणि दोन सेशनमागे एक प्रसंग असा ठेवा की तिथे तिच्यामुळे नायक वाचतो. हेतलने एकदा ओल्या मातीत उमटलेल्या बुटाच्या ठशाचा साचा काढून खलनायक ओळखला होता.

शक्तीतूनच ‘गे’ दाखवणं

इंद्रधनुष्याचे किरण, मोहिनी घालणारा सुगंध, नखरेल चाल. नको. शक्ती माणसाच्या कामातून, गावातून, जखमेतून येऊ द्या. मार्व्हल कॉमिक्सचा नॉर्थस्टार १९७९ मध्ये आला तो वेगाने उडणारा नायक म्हणून. अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेल्या १९५४ च्या कॉमिक्स संहितेखाली समलिंगी पात्र उघडपणे दाखवणं शक्य नव्हतं. संहिता १९८९ मध्ये सैल झाली आणि आपण गे आहोत हे तो १९९२ मध्ये बोलला. त्याचं लग्न लागलं २०१२ मध्ये. एवढ्या काळात त्याची शक्ती तीच राहिली. अपोलो आणि मिडनायटर ही कॉमिकमधली १९९८ ची जोडी बघा: एकाला सूर्याचं बळ, दुसरा लढाई सुरू होण्याआधीच मनात लढून संपवणारा. त्यांच्या प्रेमाचा शक्तीशी काही संबंध नाही. म्हणूनच ते प्रेम खरं वाटतं.

आणि गे पुरुष म्हणजे तृतीयपंथी, अशी गल्लत करू नका. ती वेगळी ओळख आहे, तिची पात्रंही घडवा, पण समजून घडवा.

गाव परकं ठेवणं

कितीदा तरी खेळाडू समलिंगी नायकाला थेट न्यूयॉर्कला धाडतात. ‘आपल्याकडे असं कुठे?’ आपल्याकडेच आहे. जवळच्या राजपिपळ्याचे राजपुत्र मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००६ मध्ये आपण गे असल्याचं जाहीर सांगितलं. त्यांच्या गावात त्यांचे पुतळे जाळले गेले, तरी ते मागे हटले नाहीत. खऱ्या माणसाला डावात आणू नका, पण असं धैर्य या मातीत आहे हे लक्षात ठेवा.

आणि गरबा! नवरात्रात नऊ रात्री हजारो बायका एका गोलात फिरतात. दोघी हातात हात घालून नाचल्या तर कुणी वळूनही बघत नाही. विश्वामित्री आणि हेतलला वर्षभर रस्त्यात मिळत नाही ती मोकळीक तिथे मिळते. गर्दीत खलनायक शिरल्यावर विश्वामित्रीला तो हात सोडावा लागला, तेव्हा माडीवर सगळे गप्प झाले होते.

खेळणाऱ्यांना विसरणं

खलनायक नायकाला शिवी देणार असेल तर ती उच्चारू नका. “तो घाणेरडं बोलला” एवढं पुरतं. आम्ही टेबलाच्या मधोमध फुली मारलेलं एक कार्ड ठेवतो. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी रूढ केलेली ही एक्स-कार्डची पद्धत. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग तिथेच थांबतो आणि कारण विचारायचं नसतं.

समलिंगी नसलेल्या खेळाडूंनी अशी पात्रं जरूर खेळावीत. प्रेमाचा प्रसंग आला की दार लोटून घ्या आणि सकाळच्या चहाला दृश्य उघडा. डावात कुणी खरोखर गे असेल तर दर वाक्याला त्याच्याकडे ‘बरोबर ना?’ म्हणून बघू नका. तोही खेळायला आलाय.

आणि पात्रावरून खेळाडूचा अंदाज बांधू नका. चहा ओततानाही विचारू नका, गमतीतही विचारू नका. कुणी तो कागद हातात घेऊन पहिल्यांदाच आरशात बघत असेल. कुणी नसेलही. दोघांनाही तेवढीच जागा हवी.

पावसाळ्यात चौकटीत एकच शब्द लिहिणाऱ्या त्या मुलाचा नायक पहिली तीन सेशनं लढाई संपली की म्हणायचा, “निघतो, घरी कुणीतरी वाट बघतंय.” मी त्याला काही विचारलं नाही. दिवाळीआधीच्या रविवारी सूरसागर तलावाच्या काठावरची लढाई संपली आणि विश्वामित्रीने त्याला सेव-उसळ खायला थांबवलं. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

“नको गं. तो वाट बघतोय.”

कुणी मान वर केली नाही. “मग त्याच्यासाठी बांधून ने,” विश्वामित्री म्हणाली आणि फासे पुढे सरकवले.