रात्री वाशिष्ठीत होडीतून मासेमारी : या चुका टाळा

चिपळूणच्या खाली, गोवळकोटपासून दाभोळच्या मुखापर्यंत, वाशिष्ठी नदी कमी आणि खाडी जास्त असते. जिताडा आणि तांबोशी रात्री चांगले लागतात, त्यामुळे लहान होडी घेऊन अंधारात गळ टाकणाऱ्यांची येथे वाण नाही. दिवसा हे पात्र शंभरदा पाहिलेल्या माणसाचाच रात्री घोटाळा होतो, कारण त्याच्या ओळखीची नदी विशिष्ट पाणीपातळीची असते आणि रात्री त्याच जागी पाणी दोन मीटर वर किंवा खाली असू शकते.

पाण्याची वेळ न पाहता निघणे

होडी काढण्याची वेळ ठरवताना घड्याळाआधी तिथी पाहावी. कोकण किनाऱ्यावर तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की भरतीची ढोबळ वेळ मिळते. म्हणजे षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, आणि पुढची भरती त्यानंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांनी. मुखापासून जितके आत जावे तितकी ही वेळ पुढे सरकते, म्हणून दाभोळची भरती तीच गोवळकोटची भरती असे धरून चालणे चुकीचे आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीची ओढ तिसऱ्या आणि चौथ्या तासात सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या त्याच वेळी वल्ह्यांच्या भरवशावर वर चिपळूणकडे परतण्याचा बेत केला, तर तासभर वल्हवूनही होडी जागची हलत नाही. नवख्यांनी भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याच्या दिवसांत, अष्टमी-नवमीच्या आसपास सुरुवात करावी. मासा कदाचित कमी लागेल, पण पाणी चूक सुधारायला वेळ देते.

वाशिष्ठीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पंचांगात सापडत नाही. कोयनेचे पाणी पोफळी आणि कोळकेवाडी येथील वीजगृहांतून खाली उतरून शेवटी याच नदीत येते, आणि विजेची मागणी वाढली की संच सुरू होऊन हा विसर्गही वाढतो. त्यामुळे चिपळूणजवळच्या पट्ट्यात आभाळ कोरडे असताना, ओहोटी चालू असतानाही पाणी चढू शकते. किनाऱ्यावरच्या एखाद्या दगडाची किंवा धक्क्याच्या पायरीची खूण धरून ठेवावी आणि दर अर्ध्या तासाने तिच्यावर विजेरी मारून पाहावी. पावसाळ्यात तर रात्री होडी काढूच नये. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणने जे पाहिले त्यानंतर याची वेगळी कारणे द्यायची गरज नसावी.

ओहोटीत होडी चिखलावर बसली, तर उतरून ढकलण्याचा मोह टाळावा. खाजणातला, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीतला चिखल मांडीपर्यंत आत घेतो आणि त्यातल्या कालवांच्या धारा पाय फाडतात. होडीतच बसून, नांगर टाकून भरतीची वाट पाहणे कंटाळवाणे असले तरी तोच मार्ग आहे.

नांगर मागच्या बाजूने टाकणे

लहान होडी उलटण्याच्या कारणांमध्ये मला हे सर्वांत वरचे वाटते. इंजिन असलेल्या होडीची मागची बाजू बुटकी आणि जड असते. नांगर तिथून बांधला की प्रवाह थेट त्या बाजूवर आदळतो, पाणी आत येते आणि पुढचे सावरण्याआधी होडी भरते. नांगर नेहमी पुढच्या टोकालाच बांधावा. दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट सोडावा आणि ही खोली भरतीची धरावी, कारण ओहोटीला बेताचा सोडलेला दोर भरतीत ताठ होतो आणि नांगर जमीन सोडतो. भरती-ओहोटीच्या पालटाला होडी पूर्ण वळते. त्या वेळी सर्व गळ वर घ्यावेत.

नांगर खडकात अडकेल अशी भीती असेल, तर दोर नांगराच्या मुळाशी बांधून वरच्या कडीला फक्त सुतळीने जखडावा. अडकल्यावर जोर लावला की सुतळी तुटते आणि नांगर उलट्या दिशेने निघतो. तरीही निघाला नाही तर दोर कापावा. त्यासाठी सुरी हाताशी हवी. पुलाच्या खांबाजवळ मासा असतो हे खरे, पण प्रवाहाच्या वरच्या अंगाला, खांबासमोर होडी लावणे म्हणजे दोर सुटताच आडवे होऊन खांबावर आपटणे होय.

उजेडाचा गैरवापर

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्यावर टाकलेली एक नजर ती घालवते. आमिष लावण्यासाठी मंद लाल दिवा वापरावा. मात्र दुसऱ्यांना आपण दिसलोच पाहिजे : लहान, संथ यांत्रिक होडीवर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा आणि वल्ह्यांच्या होडीत निदान वेळेवर दाखवता येईल अशी चालू विजेरी असावी. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेत नांगरून बसू नये, हे तर उघडच आहे.

मगरी आणि काटे

वाशिष्ठीत मगरी आहेत आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पकडलेले मासे जाळीत घालून होडीशेजारी पाण्यात लटकवणे, मासे साफ करून आतडी तिथेच टाकणे, पाय पाण्यात सोडून बसणे, या तिन्ही सवयी सोडाव्यात. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागल्यास जखम धुऊन, सहन होईल इतक्या गरम पाण्यात तासभर बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. तुटलेला काटा खोल असेल तर डॉक्टरकडेच जावे.

पाण्यात पडल्यास

बहुतेक जण मासा वर घेताना उभे राहिल्यामुळे किंवा दोघेही एकाच बाजूला झुकल्यामुळे पडतात. लाइफ जॅकेट बाकाखाली ठेवणाऱ्यांनी ते एकदा दिवसा, उथळ पाण्यात पोहत असताना घालून पाहावे. मग ते अंगावरच राहील. पडलेल्याला वर घेताना इंजिन आधी पूर्ण बंद करावे आणि त्याला कडेवरून न ओढता मागच्या बाजूने घ्यावे. होडी उलटली तर काठ जवळ दिसला तरी पोहत सुटू नये, होडीला धरून राहावे.

मोबाइल दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून अंगावर ठेवावा. नदीच्या पट्ट्यात ११२ आणि मुखाकडे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा, आणि आधी जागा सांगावी : कोणता काठ, कोणता पूल किंवा धक्का, आणि होडी वाहत आहे की नांगरलेली. निघण्यापूर्वी हीच माहिती परतण्याच्या वेळेसह घरी कोणाला तरी लिहून द्यावी.