पायी नर्मदा परिक्रमा: रोजचा दिवस कसा लावायचा

परिक्रमेला निघणारे बहुतेक जण बॅग कोणती घेऊ आणि बूट कुठले घेऊ एवढंच विचारतात, ते महत्त्वाचं आहेच, पण चार-साडेचार महिने रोज चालायचं म्हटल्यावर खरा प्रश्न असतो तो दिवस कसा लावायचा हा. माझं मत अगदी ठाम आहे, दुपारी चारच्या आत आसन लागलं पाहिजे, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाला पोचून पथारी पसरलेली हवी. बाकी सगळं त्याच्यावरून ठरवा.

म्हणजे पहाटे साडेचार-पाचला उठायचं, अंघोळ-पूजा उरकायची आणि उजाडता उजाडता चालायला लागायचं. ऊन चढायच्या आत १२-१५ किमी आरामात होतात, मग जेवण, तासभर पाठ टेकायची आणि उरलेले सात-आठ किमी. रोजचे २० ते २५ किमी पुरे आहेत हो, एकूण अंतर २६०० किमीच्या वर आहे, पहिल्या आठवड्यात ३५-३५ किमी मारणाऱ्यांचे गुडघे पुढे बोलायला लागतात. पहिले आठ दिवस तर १५ च्या वर जाऊच नका.

चारला पोचायचं कारण साधं आहे. आश्रमात नाहीतर गावातल्या मंदिरात गेलं की पहिला प्रश्न येतो "कितनी मूर्ती?", म्हणजे तुम्ही किती जण, त्यावर त्यांचं पीठ भिजवायचं ठरतं. अंधार पडल्यावर दहा जण दारात उभे राहिले तर त्या माउलीला पुन्हा चूल पेटवावी लागते, आणि ती पेटवतेच, म्हणून आपणच वेळेत जायचं. शिवाय उजेड असला की कपडे धुऊन वाळतात, पाय नीट बघता येतात, संध्याकाळची आरती निवांत होते. काही ठिकाणी तयार जेवण नसतं, सदाव्रत मिळतं, म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा. तो शिजवून खायचा, त्यामुळे टिक्कड (जाड रोटी) भाजता येणं आणि चूल पेटवता येणं हे घरूनच शिकून या, आणि एक छोटं पातेलं सोबत ठेवा.

आता पाय. फोड येण्याआधी तिथे गरम लागायला लागतं, चुरचुरतं. त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या गावात बघू म्हणायचं नाही. बूट-मोजे काढा, पाय वाळू द्या, त्या जागेवर कागदी चिकटपट्टी (मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मागा) सुरकुती न पडू देता लावा आणि मोजे बदला. रात्री झोपताना टाचांना व्हॅसलीन. बूट एक नंबर मोठे घ्या, चालून चालून पाय सुजतात.

वजन पाणी धरून सात किलोच्या आत. दोन जोड कपडे, एक पातळ चादर, एक गरम शाल, टॉर्च, दोरी, सुईदोरा, ताट-वाटी, ओआरएस, बस. देवउठनी (म्हणजे आपल्या कार्तिकी) एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालात तर अमरकंटकला, नर्मदेच्या उगमाला, बऱ्याचदा थंडीतच पोचता, तिथली उंची हजार मीटरच्या वर, तेव्हा स्वेटर-कानटोपीवर वजन वाचवू नका. नदीत साबण लावायचा नाही, हापश्यावर पाणी घेऊन लांब जाऊन धुवा.

नियम थोडक्यात, नर्मदा मैया कायम उजव्या हाताला आणि तिला कुठेही ओलांडायचं नाही. ओंकारेश्वरचं मंदिर बेटावर आहे, म्हणून तिथलं दर्शन संकल्पाच्या आधी घ्या, नंतर परिक्रमा पूर्ण होईपर्यंत जाता येत नाही. धरणांच्या बॅकवॉटरमुळे जुनी पायवाट बऱ्याच ठिकाणी बुडाली आहे, त्यामुळे मोबाईलच्या नकाशापेक्षा गुराख्याला विचारा, आणि एकालाच नाही, दोघांना. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलपट्ट्यात, तर सकाळी निघायच्या आधीच पुढचा मुक्काम विचारून घ्यायचा. दक्षिण तटावर हा रस्ता नंदुरबारच्या धडगाव भागातून जातो, तेवढे दिवस आपल्याच राज्यात असता पण घरं लांब लांब पांगलेली, म्हणून बाटल्या भरलेल्या आणि खिशात गूळ-शेंगदाणे हवेतच.

वाटेत लोक चहाला हाक मारतात, "नर्मदे हर बाबाजी, चाय पीके जाओ". प्रत्येक ठिकाणी कप भरून प्यायलात तर पित्त होणार, पण सरळ नाही म्हणून पुढे जाऊ नका, दोन मिनिटं बसा, पाणी घ्या, बोला. खूपदा पुढच्या नाल्याला पाणी किती आहे, कुठल्या आश्रमात जागा आहे हे तिथेच कळतं.

समुद्राच्या टप्प्याला मात्र तुमचं घड्याळ चालत नाही. नदी ओलांडायची नसल्याने गुजरातमध्ये ती समुद्राला मिळते तिथे समुद्रातून पलीकडे जायचं असतं, दक्षिण तटावरून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जाणारी नाव भरती बघून सुटते, कधी पहाटे कधी दुपारी, आदल्या दिवशी पोचून आपलं नाव नोंदवायचं, आधारकार्डाची झेरॉक्स जवळ ठेवायची. नावेत काही तास जातात, उन्हाला आडोसा नसतो, म्हणून डोक्याला पंचा, पोटात हलकं काहीतरी आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत. त्या दिवसाचे किलोमीटर हिशोबात धरूच नका.