मशीनचा रंग जुळवायला बसण्याआधी

टर्नरचं काम शिकून मी जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागले, आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात ब्रश आला. खरं सांगायचं तर मला कमीपणा वाटला. मशीनचा पाया म्हणजे बेड स्क्रेप करायला (खरवडून सपाट करायला), बेअरिंग बसवायला शिकायचं म्हणून आलेली मी, आणि काम काय मिळालं, तर लेथच्या हेडस्टॉकवर, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या डोक्यावर, तळहाताएवढा रंग उडालाय तो भरायचा. नवख्यांनाच हे काम देतात, कारण ते सोपं आहे असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटलं. राखाडी तर रंग! पांढऱ्यात काळा मिसळला, ट्यूबलाइटच्या उजेडात काडीवरचा थेंब मशीनशेजारी धरून पाहिला, जुळला, हात मारला आणि घरी गेले.

सकाळी खिडकीतून ऊन थेट हेडस्टॉकवर आलं होतं आणि मधोमध माझं निळसर, चकचकीत ठिगळ. फोरमननी येऊन पाहिलं. "अगं, रंग लावलास की मलमपट्टी केलीस?"

त्या एका ठिगळात किती चुका होत्या हे कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. या कामाला नव्याने लागणाऱ्यांसाठी त्यातल्या कामाच्या गोष्टी सांगते.

सगळ्यात आधी राखाडीबद्दल. टायटॅनियमचा पांढरा आणि कार्बनचा काळा मिसळला की येणारी राखाडी छटा निळ्याकडे झुकते. मशीनवरचे राखाडी मात्र बरेचदा पिवळसर, हिरवट किंवा मातकट असतात. म्हणून पिवळ्या ओकरचा किंवा अंबरचा (दोन्ही मातीसारखी रंगद्रव्यं, एक पिवळं, एक तपकिरी) स्पर्श लागतो, आणि तो अक्षरशः थेंबांनी मोजायचा. नेहमी फिक्यात गडद घालायचा. उलट करायला गेलात तर काळा झाकायला पांढऱ्याचे डबे संपतात आणि गरजेच्या चौपट रंग तयार होतो. मी आता दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वापरते आणि प्रत्येक थेंबाचं वजन लिहून ठेवते. डोळ्यांना कालचा रंग आठवत नाही, वहीला आठवतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनवलेले दोन रंग एका दिव्याखाली हुबेहूब दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फटकून वागतात. याला मेटामेरिझम म्हणतात. माझ्या ठिगळाने ट्यूबलाइटखाली मला फसवलं ते यामुळेच. तेव्हापासून मी नमुना खिडकीशी, ट्यूबखाली आणि एलईडीखाली असा तिन्हीकडे पाहते, आणि तोही पूर्ण वाळल्यावर. ओला इनॅमल आणि वाळलेला इनॅमल एकच छटा दाखवत नाहीत. काडीवरचा थेंब पाहून हो म्हणणं म्हणजे निम्मी फसगत. पत्र्याच्या तुकड्यावर हात मारा, वाळू द्या, मग तो तुकडा मशीनवर टेकवून पाहा.

पण याही आधीचा एक प्रश्न असतो आणि तो मला कुणी विचारला नव्हता: मुळात जुळवायचं कशाशी? कारखान्यातून निघाली तेव्हा मशीन जशी होती तिच्याशी, की आज जशी दिसते तिच्याशी? अख्खी मशीन रंगवायची असेल तर मूळ रंग शोधायचा. एखादा डाग भरायचा असेल तर मूळ रंग काही कामाचा नाही. भोवतीच्या वय झालेल्या रंगाशीच जुळवायला हवं. या दोन गोष्टींची गल्लत केली की उत्तम मिसळलेला रंगही चुकीचा ठरतो.

मूळ रंग शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: नेमप्लेटच्या खाली, इलेक्ट्रिकच्या कपाटाच्या दाराआड, गिअरच्या झाकणाच्या आतल्या कडेला. मात्र "झाकलेला म्हणजे जसाच्या तसा" असं धरून चालू नका. तेलावर आधारलेले जुने रंग अंधारात पिवळे पडतात आणि उजेडात ती पिवळट झाक कमी होते. म्हणजे नेमप्लेटखालचा रंग बाहेरच्यापेक्षा पिवळाही असू शकतो. मी दोन्हीकडून नमुना घेते. बाहेरच्या बाजूला आधी तेलकट थर काढायचा, मग २००० नंबरच्या वॉटरपेपरने साबणपाणी लावून रुपयाएवढी जागा हलक्या हाताने घासायची, छटा बदलायची थांबेपर्यंत. कळकट राखाडीतून कधी स्वच्छ हिरवा निघतो, आणि असा रंग वर्षानुवर्षं समोर असून दिसला नव्हता याची गंमत वाटते. एका कडेला थोडं जास्त घासलं तर थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे एकाखाली एक दिसतात: नंतरच्या मालकांचे रंग, मूळ रंग, प्रायमर, लांबी (खड्डे भरायची पुट्टी), आणि शेवटी बीड, म्हणजे ओतीव लोखंड. (बिडाचा बेड म्हणताना पहिल्या महिन्यात माझी जीभ अडखळायची.)

इथे एक सावधगिरी. जुन्या रंगांत आणि लाल प्रायमरमध्ये शिसं असू शकतं. कोरडं घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. पाणी लावून घासा, धूळ गाळणारा चांगला मास्क घाला, चिखल पुसून वेगळा ठेवा, आणि जेवायच्या आधी हात धुवा.

रंगाला नाव मिळालं तर अर्धं काम होतं. जर्मनीत १९२७ साली ४० रंगांनी सुरू झालेली राल ही यादी आज दोनशेच्या वर गेली आहे, आणि मशीनच्या दुनियेत तिचेच नंबर सारखे कानावर येतात. राल ६०११ हा रेसेडा हिरवा आणि राल ७०३५ हा फिका राखाडी तुम्हाला लवकरच तोंडपाठ होतील. छटांचा पंखा हातात असेल तर जवळच्या तीन-चार पट्ट्या घासलेल्या जागेवर टेकवून पाहा. रंगाच्या दुकानातलं मोजणारं यंत्रही चांगलं, पण ते फक्त पुढ्यातला पृष्ठभाग वाचतं. तेलकट, खडबडीत जागा दिलीत तर तेलकट, खडबडीत रंगाचाच फॉर्म्युला मिळेल. शक्य असेल तर एखादं सपाट झाकण सोडवून, धुऊन, घासून तेच न्या.

आणि चकाकी! छटा बरोबर असूनही माझी दुसरी दुरुस्ती उठून दिसली ती या कारणाने. एकाच डब्यातला रंग चकचकीत आणि मंद अशा दोन पृष्ठभागांवर दोन वेगळे रंग वाटतात. जुन्या मशीनची चकाकी पुसून-पुसून बरीच उतरलेली असते. त्यामुळे डाग भरताना मी रंगात मॅटिंग (चकाकी कमी करणारं द्रव्य) मिसळते, किंवा पूर्ण कडक झाल्यावर राखाडी स्कफपॅड (घासायची जाळीदार गादी) फिरवते. छटा थोडी चुकली तर लोक माफ करतात. चकाकी चुकली तर दारातूनच दिसते.

आता सगळ्यात कामाची युक्ती, जी मला कुठल्याही डब्यावर लिहिलेली सापडली नाही. डाग भरूच नका, भाग रंगवा. रंगाची सीमा कास्टिंगची कड, झाकणाचा सांधा, पन्हाळीसारखी खाच अशा जागी आणून थांबवा. सपाट मोकळ्या पृष्ठभागावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन छटांमधला बारीक फरकही डोळा पकडतो, पण मध्ये सांधा आला की त्याला तो सावलीचा वाटतो. माझं तळहाताएवढं ठिगळ हेडस्टॉकच्या पुढच्या झाकणाच्या कडेपर्यंत नेलं असतं, तर ती निळसर झाक कदाचित कुणाला दिसलीही नसती.

पृष्ठभागाची तयारी कंटाळवाणी आहे, पण काम तिथेच टिकतं किंवा निघतं. बीड वर्षानुवर्षं तेल पिऊन बसलेलं असतं. वरून पुसलं तरी थोडं तापलं की तेल पुन्हा वर येतं, आणि ओल्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. त्यामुळे मी थिनरने पुसते, हीट गनने कोमट करते, पुन्हा पुसते, असं तेल यायचं थांबेपर्यंत. दोन फडकी ठेवायची: एक ओलं करून तेल सोडवायला, दुसरं कोरडं, ते लगेच उचलायला. एकाच फडक्याने तेल फक्त फिरतं. सिलिकॉनचा स्प्रे कुणी जवळपास मारत असेल तर त्या दिवशी रंगाचा डबा उघडू नका. हॅमर फिनिश असलेल्या मशीनला तर दुप्पट घासा, कारण ती खळीदार नक्षी येण्यासाठी त्या रंगातच बरेचदा सिलिकॉन असतं, आणि वर दिलेला साधा रंग त्यावरून पळतो.

लांबी भरण्याबद्दल फार सांगत नाही. कास्टिंग खडबडीतच असतं, गुळगुळीतपणा सगळा लांबीचा असतो, त्यामुळे खपली निघालेल्या जागेची कड घासून उतरती करा. दोन घटकांची पॉलिएस्टर लांबी असेल तर डब्यावर लिहिलंय तेवढंच हार्डनर घाला. जास्त घातल्याने ती मजबूत होत नाही, उलट हार्डनरचा डाग वरच्या रंगातून फुटून दिसू शकतो. लांबी ओलावा शोषते, म्हणून वरून प्रायमर द्या.

झाकायचं काय, हे रंगवायच्या आधी फिरून बघा: बेडचे गाईडवे (ज्यांवर मशीनचे भाग सरकतात त्या पट्ट्या), स्क्रू, डायलचे आकडे, तेलाची काच, ग्रीसच्या निपल. घासण्याची धूळ गाईडवेवर पडली तर ती तिथे पॉलिश पेपरचंच काम करते, त्यामुळे आधी झाकणं आणि मग घासणं. सँडब्लास्टिंग फक्त पूर्ण सुट्या केलेल्या, बेअरिंग काढलेल्या कास्टिंगवर. मी स्वतः एकदा टेलस्टॉकवरचं (हेडस्टॉकच्या समोरच्या टोकाच्या भागावरचं) तेलाचं छिद्र रंगाने बुजवलं होतं. दिसायला सुंदर झालं होतं. पंधरा दिवसांनी ऑपरेटर तेल सोडायला गेला आणि तेल वरूनच ओघळलं. तेव्हापासून प्रत्येक छिद्रात आधी आगकाडी खोचते.

रंग कोणता? कूलंट (कापताना थंड ठेवणारा द्रव) वापरणारी मशीन असेल तर हे बघाच. पाण्यात मिसळायचं कूलंट अल्कलीयुक्त असतं, पीएच साधारण ९ च्या आसपास, आणि साधं अल्किड इनॅमल त्यात हळूहळू मऊ पडून सुटतं. इपॉक्सी तिथे चांगली तग धरते, पण उन्हात ती खडूसारखी भुरकट होते. दोन घटकांचं पॉलियुरेथेन सगळ्यात देखणं आणि टिकाऊ, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा, आणि एकदा दम्याची ॲलर्जी जडली तर पुन्हा त्या रंगाच्या जवळ जाता येत नाही. शिकाऊ असाल तर ते फवारण्याच्या भानगडीत पडू नका. सुक्या कामाच्या मशीनला ब्रशने लावलेलं चांगलं इनॅमल पुरतं, आणि नंतर डाग भरायलाही सोपं. दुसऱ्या हाताची वेळ मात्र डब्यावर असेल तीच पाळा. अर्धवट वाळलेल्या अल्किडवर मध्येच दुसरा हात दिला तर खालचा थर सुरकुततो, आणि मग सगळं खरवडण्याशिवाय मार्ग नाही. मास्किंग टेप रंग दगड व्हायच्या आधी, तिरपी ओढून काढा.

उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका. आतल्या हवेने त्यावर साय धरते. लहान बाटलीत काठोकाठ भरा, आणि बाटलीवर मशीनचा नंबर, तारीख, थेंबांची वजनं लिहा. तोच कागद मी इलेक्ट्रिकच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवते, कारण ती मशीन पुन्हा येते तेव्हा बाटली सापडत नाही, पण दार तिथेच असतं.