हेंप सीड खाताय? या चुका टाळा

"महिनाभर खाल्लं, काही फरक नाही गं" असं हेंप सीडबद्दल (भांगेच्या जातीच्या झाडाचं बी) कुणी म्हटलं की मी एकच विचारते: बरणी कुठे ठेवतेस? उत्तर ठरलेलं. गॅसजवळच्या फळीवर, काचेच्या बरणीत. समोर दिसलं की खायची आठवण राहते म्हणे!

सोललेल्या हेंप सीडमध्ये जवळपास निम्मं तेल असतं. त्यातलं बरंचसं ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही शरीराला लागणारी स्निग्धाम्लं, साधारण तीनास एक या प्रमाणात. आपण पैसे मोजतो ते याच तेलासाठी, आणि हवा, उजेड, उष्मा लागला की आधी खवट होतं तेही हेच. त्यात सोललेल्या बीला कवचाचा आडोसाही उरलेला नसतो.

मला हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एका एप्रिलात स्वस्त पडतं म्हणून किलोभर घेतलं. अख्खा मे महिना पाकीट फळीवर. गणेशचवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणात तिळाऐवजी तेच घातलं. धाकट्या दिराने एक घास घेतला आणि उरलेली नेवरी हळूच पानाच्या कडेला सरकवली. सासूबाई म्हणाल्या, "खोबरं जुनं आणलंस काय गो?" मी मान डोलावली. खोबरं बिचारं त्याच आठवड्यातलं होतं. रात्री पाकिटात नाक घातलं तर जुन्या ऑइलपेंटच्या डब्याचा वास. पन्नासेक नेवऱ्या वाया गेल्या. सासूबाईंना खरं काय ते अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी पाव किलोच्या वर घेत नाही. फोडलेलं पाकीट स्टीलच्या घट्ट डब्यात, डबा फ्रिजमध्ये. चमचा घालण्याआधी वास. ताज्या बीला कच्च्या अक्रोडासारखा सौम्य वास येतो. घशाशी कडवट लागलं तर सरळ टाकून द्या. भाजल्याने खवटपणा जात नाही, कितीही जीव तुटला तरी.

दुसरी चूक उतावळ्यांची. माझा भाचा जिमला जातो. ३० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे सोललेल्या बीमध्ये ९ ते १० ग्रॅम प्रथिनं आणि २०० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम, एवढंच त्याने वाचलं. त्याच तीन चमच्यांत १४-१५ ग्रॅम चरबी आणि साधारण १६५ कॅलरी असतात, ती ओळ गाळली. पहिल्याच दिवशी सहा चमचे केळ्याच्या शेकमध्ये! तिसऱ्या दिवशी जिमला दांडी, कारण संडासापासून लांब जाता येईना. पहिला आठवडा एकच चमचा घ्या, पेजेवर घाला. या प्रथिनांत लायसिन हा एक गरजेचा घटक कमी पडतो, तो डाळी-कडधान्यांतून येतो. म्हणून मी अळसांद्याच्या तोणकावरही (चवळीच्या रस्स्यावर) भुरभुरते.

पोट साफ व्हावं म्हणून सोललेलं बी खाणाऱ्यांनो, चोथा सालीत असतो आणि साल तुम्ही काढून घेतलीय. सालीसकट बी घ्या, पण अख्खं गिळू नका. उत्तराखंडात ते भाजून, मिरची-जिऱ्याबरोबर वाटून, लिंबू पिळून चटणी करतात. त्यांना सुपरफूड हा शब्द लागला नाही.

हेंपच्या तेलात तळू नका, ते वरून घ्यायचं तेल.

हे बी खाऊन नशा चढत नाही. २०२१ पासून हे बी आपल्याकडे अन्न म्हणून मान्य आहे आणि त्यात नशेच्या द्रव्याची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम. मात्र परसात पेरायचा विचारही नको, विनापरवाना लागवड गुन्हा आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, मला नको.

आणि ओमेगा-३ साठी मासे सोडून हेंप धरणारे! बियांतलं ओमेगा-३ वेगळं. माशात जे तयार मिळतं त्यात त्याचं रूपांतर शरीर अगदी थोडंच करतं. शाकाहारी असाल तर जरूर खा. आमच्याकडे बांगड्याचं हुमण (माशाची आमटी) असतं त्या दिवशी मी तो डबा उघडतही नाही.